डोंगल की कॉम्प्युटरवरचं लायसन्स?

संगीताच्या सॉफ्टवेअरची चोरी होऊ नये म्हणून कंपन्या दोन प्रकारची कुलपं लावतात: यूएसबीला लावायचं डोंगल, म्हणजे लायसन्स साठवणारी छोटी किल्ली, नाहीतर ऑनलाइन मिळणारं, कॉम्प्युटरला बांधलेलं लायसन्स.

डोंगलमध्ये लायसन्स खिशात राहतं. गिरगावात घरी चाल बसवायची आणि अंधेरीच्या स्टुडिओत तेच डोंगल लावून काम पुढे न्यायचं. तिथे सॉफ्टवेअर असलं की झालं, नेटचीही गरज नाही. पण मागच्या पावसाळ्यात दादरला उतरताना गर्दीत माझं डोंगल पडलं. अंगठ्याएवढी वस्तू! दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात लॅपटॉपमधला पियानो उघडेचना. शेवटी मित्राचा कीबोर्ड मागून आणला, तेव्हा कुठे वाजवता आलं.

क्यूबेस या संगीत रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरनं २०२२ मध्ये बाराव्या आवृत्तीपासून डोंगल सोडलं. आता एका लायसन्सवर तीन कॉम्प्युटर चालतात. आयलॉक या अनेक कंपन्या वापरत असलेल्या लायसन्स-व्यवस्थेत लायसन्स ठेवायचे डोंगल, कॉम्प्युटर आणि क्लाउड असे तीन मार्ग आहेत, पण त्यातले कुठले चालतील हे सॉफ्टवेअरची कंपनी ठरवते. क्लाउडला नेट सतत लागतं, म्हणून स्टेजवर तो नकोच.

रोज वेगळ्या स्टुडिओत जाणाऱ्यानं डोंगल घ्यावं. स्टेजवर वाजवणाऱ्याला मी लॅपटॉपवरचंच लायसन्स सुचवेन. फक्त लॅपटॉप फॉरमॅट मारण्याआधी त्यावरचं लायसन्स आठवणीनं काढून घ्या.