प्लेटलेट्सची पिशवी एक, बिलात दोन

गेल्या पावसाळ्यात बाबांना डेंग्यू झाला. पाच दिवस खासगी हॉस्पिटलमध्ये होते. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर 1,12,480 रुपयांचं बिल हातात पडलं, तेही एका पानाचं. औषधं एका ओळीत, लॅब एका ओळीत, 'इतर' एका ओळीत. बाबा व्हीलचेअरवर दमून बसलेले, खाली रिक्षा उभी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, जरा लवकर करा, दुसरा पेशंट बेडसाठी थांबलाय." मी आधीचा ॲडव्हान्स वजा करून उरलेले पैसे भरून टाकले.

मेडिक्लेमवाल्यांनी सविस्तर बिल मागितलं, म्हणून पुन्हा गेले, तेव्हा सात पानं मिळाली. त्यात सिंगल डोनर प्लेटलेट्स 2, प्रत्येकी 11,000. बाबांना एकच पिशवी लावली होती. काउंट 18 हजारांवर आला त्या रात्री मी त्यांच्या उशाशीच बसले होते, ती पिवळसर पिशवी रिकामी होईपर्यंत. शिवाय न वापरलेली इंजेक्शनं आणि सलाईन मी सिस्टरांच्या सांगण्यावरून खालच्या मेडिकलमध्ये परत केली होती. 3,270 रुपयांची ती रिटर्नची पावती पर्समध्येच होती, बिलातून मात्र वजा नव्हती. आणि नेब्युलायझेशन, म्हणजे मशीनने औषधाची वाफ देणं, 9 वेळा! बाबांना साधा खोकलाही नव्हता.

मी केस पेपरच्या प्रतीसाठी लेखी अर्ज दिला. अर्ज दिल्यावर 72 तासांत प्रत द्यावी लागते, हे तेव्हा कळलं. चढवलेल्या पिशवीचा नंबर केस पेपरमध्ये असतो. आमच्या कागदांत एकच नंबर होता. "एन्ट्री चुकली," असं उत्तर आलं. एखादी चूक मी समजू शकते, पण सगळ्या चुका त्यांच्याच फायद्याच्या कशा?

14,270 रुपये परत मिळाले. नेब्युलायझेशनचे नाहीत, कारण चार्टवर सह्या आहेत. त्याची तक्रार महापालिकेच्या आरोग्य विभागात दिली आहे, पोच जपून ठेवली आहे.

सविस्तर बिल मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, रुग्णहक्कांच्या सनदेतच तो लिहिलेला आहे. डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळीच मागा, सकाळच्या घाईत कोणी समजावत बसत नाही.

पुढच्या महिन्यात वहिनीची डिलिव्हरी आहे. तिच्या बॅगेत मी आताच एक वही टाकून ठेवली आहे. काय आणलं, काय दिलं, काय परत केलं, सगळं वेळ घालून लिहायला.