१२.५ क्विंटल म्हणजे किती? स्टाइल गाइड करून घेतलं त्याचा हिशेब

लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो. आम्ही म्हणजे पाच जण. तिघं कोड लिहितात, एक जण दुकानोदुकानी जाऊन शिकवतो आणि मी शिव्या खातो. मागच्या हंगामात छत्रपती संभाजीनगरच्या एका छोट्या डिझाइन स्टुडिओकडून स्क्रीनचं स्पेसिफिकेशन आणि स्टाइल गाइड करून घेतलं, म्हणजे प्रत्येक स्क्रीन कशी दिसायची, कशी वागायची, त्यावर शब्द-रंग कोणते, हे सगळं लिहून घेतलं. स्टुडिओ म्हणजे दोघंच, एक परभणीचा आणि एक नांदेडची. बिल ८५,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे लाखावर तीनशे. पाचपैकी चार तारे देतोय.

आधी आमची दशा सांगतो. तीन डेव्हलपर, तिघांच्या तीन तऱ्हा. एका स्क्रीनवर 'सेव्ह', दुसऱ्यावर 'जतन करा', तिसऱ्यावर 'साठवा'. हिरव्याच्या सात छटा. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, पण कुठल्या रस्त्याला काय मिळतं हे गावाला पाठ असतं. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आम्हीच चुकायचो. एका मुनीमकाकांनी तोंडावर सांगितलं, "एक दाबायलोय, दुसरंच उघडायलंय. आमची वहीच बरी की."

मला वाटलं होतं रंग ठरतील, फॉन्ट ठरेल, बटणं एकसारखी होतील आणि विषय मिटेल. या दोघांनी लॅपटॉप उघडायच्या आधी तीन दिवस आडतीवर बसून काढले. सोयाबीनची आवक भरात होती, बसायला जागा नव्हती, पोत्यावर बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुलीनं मला विचारलं, "दादा, वजनाच्या रकान्यात १२.५ टाकलं तर किती होतं?"

"साडेबारा क्विंटल. अजून किती?"

"काका तर १२ क्विंटल ५ किलो म्हणून टाकायलेत."

मी गप्प. फरक ४५ किलोचा. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावानं धरला तरी एका पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या हिशेबाच्या कागदात, २,२०१ रुपये. 'तुमच्या सॉफ्टवेअरचा हिशेब काट्याच्या चिठ्ठीशी जुळंना' ही तक्रार दोन वर्षं येत होती आणि आम्ही ती 'लोकांना कंप्युटर येत नाही' या खात्यात टाकत होतो. कोडमध्ये चूक नव्हतीच, म्हणून तिथं सापडलीही नाही.

स्पेसिफिकेशनचं पहिलं पान याच रकान्याचं आहे. क्विंटल आणि किलो असे दोन वेगळे रकाने. किलोच्या रकान्यात ९९ च्या वर काही बसत नाही. बसवायला गेलात तर कोणतं वाक्य दिसायचं ते शब्दन् शब्द लिहिलेलं. खाली अक्षरात 'बारा क्विंटल पाच किलो' उमटायचं. एंटर दाबल्यावर पुढं कुठल्या रकान्यात जायचं, मागं यायचं झालं तर भरलेलं राहायचं की पुसायचं, सगळं. आमच्या पोरांनी ते पान बघून एकदाही मला फोन केला नाही. माझ्या हिशेबी पैसे इथंच फिटले.

दुसरी गोष्ट 'डिलीट'ची. काकांच्या वहीत चुकलेली नोंद कधी खोडरबरानं पुसत नाहीत, तिच्यावर आडवी रेघ मारतात आणि खाली नवी लिहितात. गाइडमध्ये 'डिलीट' हा शब्दच नाही. पट्टी 'रद्द' होते, रेघ मारलेली दिसत राहते, तिचा नंबर पुन्हा कुणाला मिळत नाही. आणि 'सेव्ह'चं झालं 'नोंद करा', कारण यार्डात सगळे तेच म्हणतात. 'जतन करा' हे मी सुचवलेलं होतं. असो.

रंगांचं थोडक्यात. आमचा लाडका हिरवा म्हणजे गूगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइन-नियमावलीच्या रंगतक्त्यातला ५०० नंबरचा. त्यावर पांढरी अक्षरं. त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, ३ ला १ च्याही खाली निघाला आणि वेब सुलभतेच्या नियमाप्रमाणे साध्या मजकुराला ४.५ ला १ लागतो. दुपारच्या उन्हात, धूळ बसलेल्या स्क्रीनवर काय दिसणार? जमा-नावे नुसत्या रंगानं दाखवायचं नाही, सोबत शब्द हवाच, हेही तिथंच लिहिलंय. मोबाइलवरची बटणं गूगल सांगतं तशी किमान ४८ डीपी (स्क्रीनवरचं माप), म्हणजे साधारण ९ मिलिमीटर.

मराठी अक्षरांवर मात्र त्यांनी जीव लावलाय. फॉन्ट नोटो सॅन्स देवनागरी. सोबत एक ओळ: पानाची भाषा मराठी म्हणून जाहीर करा, म्हणजे 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे येतील. आमच्या पानांवर भाषा हिंदी लिहिलेली होती, कुठून तरी चिकटवलेल्या कोडातून आलेली, चार वर्षं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या १.६ पट, नाहीतर 'रूपये' काय नि 'रुपये' काय, खालचा उकार कापला की कळत नाही. प्रत्येक फॉन्ट 'शेतकऱ्याचे' आणि 'व्यापाऱ्याकडून' हे शब्द टाकून तपासायचा. ब्राउझरला आकडे मराठीत मांडायला सांगितलं की १,२५,००० असे लाखाच्या स्वल्पविरामासकट देवनागरीत येतात, हे आमच्या एकालाही ठाऊक नव्हतं. आम्ही स्वल्पविराम हातानं घालत होतो.

आता कापलेला तारा. सहा आठवडे सांगून नऊ लावले, तोवर हंगाम उलटला. अकरा स्क्रीनपैकी चारच स्क्रीनला 'यादी रिकामी असेल तर', 'नेट गेलं तर' हे सविस्तर आहे. बाकी सातांना 'वरीलप्रमाणे'. उचलीचं, म्हणजे शेतकऱ्यानं आडत्याकडून आगाऊ घेतलेल्या पैशाचं, खातं रिकामं असणं आणि आजची आवक रिकामी असणं एकसारखं कसं? पहिल्यात शेतकऱ्याकडं बाकी नाही, ही आनंदाची बातमी. दुसऱ्यात बाजार बंद तरी आहे, नाहीतर नेट तरी. त्यावरून आमच्या दोन पोरांत अर्धा दिवस भांडण झालं.

सगळ्यात मोठी चूक छपाईची. आडतीत शेवटी शेतकऱ्याच्या हातात पडतो तो कागद, डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कर्र कर्र निघालेली पट्टी. तिच्याबद्दल गाइडमध्ये अवाक्षर नाही. पोत्यावर बसून तीन दिवस तो आवाज ऐकला आणि कागद विसरले. विचारलं तर म्हणाले, "करारात स्क्रीनच होते, दादा." करार मीच लिहिला होता.

आणखी एक, गाइड फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधल्या फाइलीसोबत ३८ पानांच्या पीडीएफमध्येही दिलं. घेणार असाल तर पीडीएफ घेऊच नका. आमच्या एका पोरानं ती छापून भिंतीला लावली, मूळ फाइल दोनदा बदलली, आणि तो जुन्याच रंगात काम करत राहिला.

पट्टीच्या छपाईचं कामही यांनाच द्यायचं म्हणतोय. दर विचारून पंधरा दिवस झाले, अजून उत्तर नाही.