अखंड म्हणून विकलेला, मागून जोडलेला ब्लॉक

जुन्या टपाल तिकिटांचे ब्लॉक, म्हणजे एकमेकांपासून न फाडलेल्या तिकिटांचे गट, विकत घेणाऱ्या संग्राहकांवर माझ्यासारखी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

ब्रिटनचे १८५७ नंतरचे, १४ पर्फोरेशनचे (म्हणजे कडेला दर दोन सेंटिमीटरमध्ये १४ छिद्रे असलेले) एक पेनीचे लाल तिकीट सुटे म्हणून विपुल मिळते. त्याच तिकिटाचा वापरलेला चारचा ब्लॉक मात्र क्वचितच दिसतो, कारण साध्या पत्राला एकच तिकीट पुरत असे आणि चार एकत्र लागलीच तरी पुढे कोणीतरी ती फाडून सुटी करत असे. त्यामुळे अखंड ब्लॉकला चार सुट्या तिकिटांच्या बेरजेपेक्षा बराच जास्त भाव मिळतो. हा जादा भाव तिकिटांचा नसतो. ती छापून झाल्यापासून कधीही वेगळी झालेली नाहीत, या वस्तुस्थितीचा असतो. एका विक्रेत्याने ‘वापरलेला चारचा ब्लॉक, छिद्ररेषेला मागून आधार’ एवढेच वर्णन करून मला असा ब्लॉक विकला आणि पैसे अखंड ब्लॉकच्या दराने घेतले.

‘आधार’ या शब्दाचा व्यवहारातला अर्थ ठरलेला आहे. हाताळताना दोन-चार छिद्रे उसवली असतील आणि ती पुढे उसवू नयेत म्हणून मागे हिंजचा, म्हणजे तिकीट अल्बममध्ये लावण्याच्या गोंद लावलेल्या पातळ कागदी पट्टीचा, तुकडा लावला असेल, तर तसे लिहितात. अशा ब्लॉकचा भाव थोडा उतरतो, पण तो ब्लॉकच राहतो. माझ्याकडे आलेल्या ब्लॉकच्या मागे मात्र उभ्या-आडव्या दोन्ही जोडांवर रुंद हिंज एकावर एक चिकटवलेले होते आणि त्यांनी जोडाचे एकही छिद्र उघडे ठेवलेले नव्हते.

समोरची बाजू पाहता संशय यावा असे प्रथमदर्शनी काही नव्हते. या तिकिटाच्या शीटमध्ये, म्हणजे छापलेल्या पूर्ण कागदात, १२ तिकिटांच्या २० ओळी, म्हणजे २४० तिकिटे असत आणि प्रत्येक तिकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ओळीचे, तर उजव्या कोपऱ्यात त्या ओळीतील जागेचे अक्षर असे. माझ्या ब्लॉकमध्ये वर एम-सी आणि एम-डी, खाली एन-सी आणि एन-डी अशी बिनचूक मांडणी होती. फसवणुकीला सर्वांत जास्त मदत होते ती याच मांडणीची. ही अक्षरे छपाईच्या प्रत्येक धातूच्या प्लेटवर त्याच क्रमाने येतात आणि प्लेटी तर पुष्कळ होत्या. तेव्हा अक्षरे जुळली म्हणजे तिकिटे एकाच शीटमधली आहेत, असे मुळीच सिद्ध होत नाही. १८६४ पासून छापलेल्या एक पेनीच्या तिकिटांवर प्लेटचा क्रमांक दोन्ही बाजूंच्या नक्षीत कोरलेला असतो आणि भिंगाने तो वाचता येतो. त्याआधीच्या तिकिटांवर ती सोय नाही. अक्षरे प्लेटवर हाताने ठोकलेली असल्यामुळे चौकोनातली त्यांची जागा प्लेटगणिक किंचित बदलते, एवढाच धागा हाती उरतो.

दहापट भिंगाखाली पहिली विसंगती शिक्क्यात दिसली. वरच्या दोन तिकिटांवर शिक्क्याच्या काळ्या आडव्या पट्ट्या एकावरून दुसऱ्यावर सलग गेल्या होत्या. पण एन-डीवरच्या पट्ट्या तिकिटाच्या डाव्या कडेपर्यंत येऊन थांबत होत्या आणि शेजारच्या एन-सीवर त्यांचा मागमूस नव्हता. शिक्का दोन जोडलेल्या तिकिटांच्या सीमेवर पडला असेल, तर शाई दोन्हीकडे उतरायलाच हवी.

त्यानंतर तिकिटांच्या कडांचे दाते पाहिले. तिकीट फाडताना दोन छिद्रांमधला कागदाचा पूल तुटतो आणि तो क्वचितच बरोबर मध्ये तुटतो, त्यामुळे खऱ्या शेजाऱ्यांमध्ये एका बाजूचा दाता लांब निघाला की समोरचा आखूड निघतो. इथे आडव्या जोडावर लांब दात्यासमोर लांबच दाता होता आणि दोन ठिकाणी तर दाते एकमेकांवर चढले होते. म्हणजे हा ब्लॉक फाटून पुन्हा जोडलेलाही नव्हता. वरच्या तिकिटांचा खालच्यांशी कधी संबंधच आलेला नव्हता.

दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवल्यावर ब्लॉक साध्या पाण्यात भिजवला. हिंज सुटले आणि ताटलीत एक खरी जोडी व दोन सुटी तिकिटे उरली. वाळल्यावर जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, तपासले. या छपाईत प्रत्येक तिकिटाला एक मोठा मुकुट येतो, आणि छापताना कागद सरकला असेल तर शेजारच्या तिकिटांवरचे मुकुट सारखेच सरकलेले दिसतात. जोडीवरचे दोन्ही मुकुट मधोमध होते, एन-सीवरचा बराच खाली होता आणि एन-डीवरचा डावीकडे झुकलेला होता.

अशा गटाचे मूल्य कसे करतात, हे संग्राहकांमध्ये पुरते ठरलेले आहे. मधून फाटून पुन्हा जोडलेला मूळ ब्लॉक दोन जोड्यांच्या भावाने जातो. वेगवेगळ्या शीटमधली तिकिटे शेजारी मांडून केलेला गट सुट्या तिकिटांच्या बेरजेने जातो, मग तो कितीही सुबक असो. अशी रचना करणे गैर आहे, असे मी मुळीच म्हणत नाही. एए ते टीएलपर्यंतची २४० सुटी तिकिटे जमवून संपूर्ण शीट उभे करणे हा आपल्या छंदातला अत्यंत आदरणीय उद्योग आहे आणि त्यामागच्या अभ्यासाला मी मान देतो. पण ते काम करणारा संग्राहक ती रचना असल्याचे उघड सांगतो. चारी जोड हिंजखाली झाकून ‘आधार’ असे लिहिणे ही लबाडीच आहे, आणि ती विशेष वाईट आहे, कारण वर्णनातला शब्द तांत्रिकदृष्ट्या खोटा ठरवणे अवघड जाते. विक्रेत्याने मला उत्तर दिले तेही नेमके हेच, की आधार असल्याचे त्याने आधीच कळवले होते आणि परतीची मुदत संपली होती.

म्हणून ब्लॉक घेताना वर्णनावर न थांबता पैसे देण्यापूर्वी लेखी विचारावे, की चार जोडांपैकी कोणता जोड आज हिंजशिवाय स्वतःच्या कागदावर टिकून आहे आणि चारही तिकिटे एकाच शीटमधली असल्याची हमी विक्रेता देतो का. मागच्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र आणि दिव्यासमोर धरून काढलेले दुसरे छायाचित्र मागावे; उसवलेल्या जोडातून उजेडाची रेघ दिसते, आणि ती दिसू नये इतके जाड हिंज लावले असतील तर ते काढून दाखवण्यास सांगावे. मोठ्या रकमेच्या खरेदीत परतीची मुदत तिकिटांचा खरेपणा तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीचा निकाल येईपर्यंत वाढवून घ्यावी. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती १८९४ पासून हे काम करत आहे. विक्रेता जुने प्रमाणपत्र दाखवत असेल, तर त्यातले छायाचित्र हातातल्या ब्लॉकशी दाता-दाता जुळवून पाहावे.