ईआरपीच्या नावाखाली ६,१३,६०० रुपयांना गंडलो

भोसरी एमआयडीसीत माझं सीएनसीचं छोटं युनिट आहे. परचेस, स्टोअर, जॉबवर्कची चलनं (बाहेर कामाला दिलेल्या मालाच्या पावत्या) सगळं एका सॉफ्टवेअरवर, म्हणजे ईआरपीवर आणायचं ठरवलं. सॉफ्टवेअरवाल्याचं कोटेशन साडेसहा लाख अधिक १८ टक्के जीएसटी. हप्ते असे: ऑर्डरबरोबर ३० टक्के, अभ्यास-अहवालावर २०, डेमोला ३०, टेस्टिंगला १०, चालू झाल्यावर १०. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. टेस्टिंगचं तोंड मी अजून पाहिलेलं नाही.

डेमोचा दिवस आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. आयटमची यादी उघडली, तर ब्रास बुशच्या खाली 'पॅरासिटामॉल ५००, स्ट्रिप'! स्टोअरचे काका म्हणाले, "साहेब, हे कुठल्या तरी औषधवाल्याचं दिसतंय." सॉफ्टवेअरवाला हसला, "डमी डेटा आहे, सर." मीही हसलो. काकांनी विचारलं, प्लेटिंगला ५०० नग गेले, ४८८ आले, १२ रिजेक्ट. हे कुठं टाकायचं? "ते पुढच्या फेजमध्ये." त्याच संध्याकाळी मी १,९५,००० आणि वर ३५,१०० जीएसटी एनईएफटी केले.

अहो, वीस मायक्रॉनचा फरक मी पकडतो, पण स्क्रीनच्या मागचं मला कसं दिसणार? ४६ पानी अहवाल होता, सह्याशिक्के होते. हप्ता नुसता कागद बघून सोडू नका. आपली आठवडाभराची खरी चलनं सॉफ्टवेअरमध्ये बसली, की मगच सोडा.

पोलीस ठाण्यात तीन चकरा मारल्या. "करार आहे ना? मग सिव्हिल मॅटर." १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर म्हणे, पैसे तुम्हीच पाठवलेत. ग्राहक आयोगाकडे जावं, तर धंद्यासाठी घेतलं म्हणून आपण सहसा ग्राहकच नाही. एमएसएमईच्या, म्हणजे लघुउद्योगांच्या समाधान पोर्टलवर माल-सेवा पुरवणाऱ्याचीच थकबाकी मांडता येते. पैसे देऊन बसलेल्याला तिथे रकानाच नाही. व्यापारी न्यायालयात आधी मध्यस्थी, आणि त्याच्याही आधी वकिलाचे ४०,०००. कळस जीएसटीचा: त्यानं रिटर्न भरलं नाही, म्हणून माझ्या २बीमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या जीएसटी यादीत, ९३,६०० चं क्रेडिटच नाही. कर त्यानं बुडवला, हेलपाटे मला!

सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मागितला, तर म्हणे आमचा. वकील सांगतात, लेखी हस्तांतर नसेल तर बाहेरच्यानं लिहिलेल्या कोडचा कॉपीराइट त्याचाच. करारात ती ओळ घालून घ्या. सर्व्हर, डोमेन आपल्याच नावावर. आणि रेफरन्स म्हणून दिलेल्या जुन्या ग्राहकांना नुसता फोन करू नका, त्या कारखान्यात जाऊन बघा. मी फोनच केले होते. दोन्ही नंबरांवर आवाज एकच होता की काय, असं आता वाटतं.

काका अजूनही लाल रजिस्टरात लिहितात. डेमोनंतरही त्यांनी ते बंद केलंच नव्हतं, हे मला परवा कळलं.