एचओ इंजिनांची चाकं तपासायला एनएमआरएची गेज पट्टी: घ्यावी का?

मॉडेल रेल्वेचं इंजिन पॉइंटवर, म्हणजे रूळ दुभागतो तिथे, सारखं घसरत असेल तर रूळ उखडण्याआधी चाकांमधलं अंतर बघा. एचओला, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या मॉडेलला, रुळांचा गेज (दोन रुळांमधलं अंतर) १६.५ मिमी. दोन चाकांच्या पाठींमधलं अंतर, म्हणजे बॅक-टू-बॅक, १४.५ मिमीच्या आसपास हवं. ते कमी असलं की फ्लँजची (चाकाच्या आतल्या बाजूच्या उंच कडेची) पाठ चेक रेलला, म्हणजे मुख्य रुळाच्या आत लावलेल्या छोट्या रुळाला, घासते आणि चाक वर चढतं. जास्त असलं तर चेक रेल पलीकडच्या चाकाला आवरू शकत नाही आणि फ्लँज फ्रॉगच्या (दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या भागाच्या) टोकावर आदळते. ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये जागेपायी १८ इंच त्रिज्येची वळणं घालावी लागतात. तिथे असं फाकलेलं चाक आणखी अडतं.

अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची (एनएमआरए) ही पातळ स्टीलची पट्टी नेमकं हेच तपासते. इंजिन फोमवर उलटं ठेवायचं आणि पट्टीच्या खाचा चाकांवर टेकवायच्या. दोन्ही फ्लँज न दाबता एकदम खाचेत बसल्या तर चाक पास. चाक फिरवून तीन ठिकाणी बघा. एका ठिकाणी बसतं आणि दुसरीकडे अडतं, तर चाक वाकडं बसलंय. अंतर कमीजास्त करून ते सुधारणार नाही.

पट्टीची खरी किंमत इथेच वसूल होते: इंजिन खोलावं लागत नाही, आणि फ्लँजची जाडीही त्याच खाचेत तपासली जाते. कॅलिपर नुसतं पाठींमधलं अंतर सांगतो. रुळांचा गेज आणि फ्लँजवेही (फ्लँज जायची फट) हीच पट्टी तपासते, पण रुळावर ठेवण्याआधी करंट बंद करा, नाहीतर सरळ शॉर्ट होतो.

उणीव एकच, पण मोठी. पट्टी पास-नापास सांगते, किती चुकलं ते सांगत नाही. चाक सरकवताना तर तिचा उपयोगच नाही. तिथे दोन चाकांमध्ये बसणारा ठोकळा लागतो. तो बाहेरून मागवण्याची गरज नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याला छोटं काम घेणारा लेथवाला गाठा. १० मिमीचा पितळी रॉड, दोन्ही तोंडांना फेसिंग करून (लेथवर सपाट करून) लांबी १४.५ मिमी, आणि अ‍ॅक्सलसाठी लांबीभर ३.५ मिमीची खाच. तोंडं समांतर हवीत, हे त्याला बजावून सांगा. मधला गिअर आड येत असेल तर तेवढी जागा कोरून घ्या.

चाक बाहेरच्या बाजूला सरकवायचं असेल तर बोटांनी हलकं पिळत ओढा. आत सारायचं असेल तर ठोकळा मध्ये धरून छोट्या व्हाइसमध्ये सरळ दाबा. दोन्ही चाकं सारखीच सरकवा, नाहीतर गिअर मध्यावर राहत नाही. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, रिम वाकते. वाफेच्या इंजिनाची ड्रायव्हिंग चाकं तर अजिबात पिळू नका. दोन बाजूंच्या क्रँकपिनांमधला (रॉड जोडायच्या खुंट्यांमधला) ९० अंशांचा कोन बिघडला की रॉड अडकून इंजिन लंगडतं. चाक अ‍ॅक्सलवर सैल झालं असेल तर रिटेनिंग कंपाउंडचा (चाक अ‍ॅक्सलवर पक्कं धरणाऱ्या चिकट द्रवाचा) सुईच्या टोकाएवढा थेंब पुरतो. बेअरिंगकडे ओघळू देऊ नका.

डिझेल इंजिन चालताना टिक-टिक करत असेल आणि अंतर जुळवूनही पुन्हा वाढत असेल, तर गिअर चिरलाय. अनेक मॉडेलांत दोन अर्धे अ‍ॅक्सल प्लास्टिकच्या गिअरमध्ये दाबून बसवलेले असतात. प्लास्टिक वर्षांनुवर्षांत आक्रसतं आणि फाटतं. गिअरवर टॉर्च धरून भिंगातून बघा, दातांच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसते. तिथे चिकटवाचिकटवी करू नका, गिअरच बदला.

माझं मत: दोन-तीन इंजिनं आणि स्वतः बसवलेले पॉइंट असतील तर पट्टी आधी घ्या, ठोकळा नंतर करून घ्या. मागवताना एचओचीच बघून घ्या, एन स्केलची (याहून छोट्या मॉडेलांची) वेगळी येते. मार्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-रुळी इंजिनांना मात्र ती लावू नका. त्यांची चाकं मुळातच जवळ बसवलेली असतात, आणि पट्टीबरहुकूम फाकवली तर त्यांच्याच पॉइंटवर अडकतील.