"हार्ड डिस्क उडालीय" असं कुणी सांगितलं तर आधी हे वाचा

घरात लिनक्सचं (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम) मशीन असेल आणि बिघाड झाला की थेट दुकान गाठायची सवय असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आहे. जागा मोकळी करताना त्याच्याकडून सिस्टिमच्या 'यूएसआर' फोल्डरमधला 'लिब' फोल्डर उडाला. बहुतेक सगळे प्रोग्रॅम ज्यावर चालतात त्या लायब्ररी तिथेच असतात. मशीन सुरू होताना कुठली सिस्टिम चालवायची ते विचारणारा ग्रबचा मेनू यायचा, पण उबुंटू निवडलं की काळ्या स्क्रीनवर 'नो इनिट फाउंड', म्हणजे सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅमच सापडत नाही. प्रोजेक्ट रिपोर्टची मुदत तोंडावर आलेली आणि मी परगावी. त्याने पुण्यातलं एक दुकान गाठलं.

दुकानदाराने स्क्रीन पाहिली न पाहिली तोच सांगितलं, "हार्ड डिस्क उडालीय. लिनक्सचा डेटा काढायला लॅबला पाठवावं लागतं." रिकव्हरीचे, म्हणजे डेटा परत काढायचे, 8,500 आणि नव्या एसएसडीचे (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) 4,200 रुपये घेतले. पावतीवर सिरीयल नंबर नाही. जुनी डिस्क "आता भंगारच" म्हणून ठेवून घेतली.

मी घरी येऊन लॅपटॉप पाहिला आणि डोकंच तापलं. डिस्क मेली होती तर ग्रबचा मेनू आला कुठून? तो डिस्कवरूनच वाचला जातो. 'रिकव्हर' केलेल्या डेटात प्रत्येक फाइलचं नाव, तारीख, अगदी सेटिंगच्या लपलेल्या फाइलीसुद्धा जशाच्या तशा. बिघडलेल्या डिस्कवरून फाइली शोधणाऱ्या फोटोरेकसारख्या टूलने काढलेल्या फाइलींना मूळ नावं राहत नाहीत, आकडे येतात. म्हणजे 'होम' फोल्डर, जिथे आपल्या स्वतःच्या फाइली असतात, तो नुसता कॉपी केला होता! मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएल या टूलने 'नवी' एसएसडी तपासली. पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क आजवर चालू राहिल्याचे तास, सहा हजारांच्या वर. म्हणजे वापरलेली!

पैशांपेक्षा मला त्या जुन्या डिस्कची धास्ती होती. भावाचं पॅन कार्ड, बँकेची कागदपत्रं, ब्राउझरमधले पासवर्ड, सगळं तिच्यावर. दुकानात जाऊन लेखी मागणी केली आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार असल्याचं सांगितलं, तेव्हा ती खणातून निघाली. यूएसबीला जोडून पाहिली तर ठणठणीत. तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत.

सिस्टिमच्या फाइली गेल्या म्हणजे तुमचं काम गेलं असं नसतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटूचा बूटेबल (ज्यावरून मशीन सुरू करता येतं असा) पेन ड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन सुरू करा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा. फाइल मॅनेजरमध्ये डिस्क उघडली की 'होम' दिसतं. ते बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मग निवांत उबुंटू नव्याने टाका. खर्च पेन ड्राइव्हचा. तुमच्या स्वतःच्या फाइलीच डिलीट झाल्या असतील तर मात्र मशीन लगेच बंद करा. एसएसडीवर उबुंटू दर आठवड्याला ट्रिम (डिलीट झालेल्या फाइलींची जागा साफ करणं) चालवतं, त्यानंतर त्या सहसा परत मिळत नाहीत.

दुकानात द्यावंच लागलं, तर मशीन हातातून सोडण्याआधी डिस्कचा सिरीयल नंबर आणि 'जुना पार्ट परत देणार' हे वाक्य पावतीवर लिहून घ्या.