निम्म्या तिकिटाचं कार्ड आणि उर्नेशचा दुसरा ३१ डिसेंबर

स्वित्झर्लंडात राहायला आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच महिन्यात दोन प्रश्न पडतात. आरोग्यविमा कुठला घ्यायचा आणि हाल्बटाक्स काढायचं का? विम्याचं प्रत्येकाचं गणित वेगळं, त्यात मी पडत नाही. हाल्बटाक्सबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. डोंगर बघायची हौस असेल तर काढा. नसेल आणि तुम्ही घर-ऑफिस-घर असेच असाल, तर उगाच पैसे घालवू नका.

हाल्बटाक्स म्हणजे वर्षभराचं निम्म्या तिकिटाचं कार्ड. रेल्वे, पिवळ्या पोस्टबस, सरोवरातल्या बोटी आणि बऱ्याचशा केबलकार, सगळीकडे चालतं. मी काढलं तेव्हा पहिल्या वर्षाचे १९० फ्रँक होते, नूतनीकरणाला १७०. वय १६ ते २५ असेल तर १२० आणि १००. योजना जुनी आहे, १८९१ पासूनची. १९८७ मध्ये कार्डाची किंमत एकदम १०० फ्रँकवर आणली गेली. जंगलं मरत चालली आहेत ही चिंता तेव्हा देशभर होती आणि लोकांनी गाड्या घरी ठेवून रेल्वेत बसावं हा हेतू होता. लोक बसलेही. आज नव्वद लाखांच्या या देशात तीस लाखांहून जास्त लोकांकडे हे कार्ड आहे.

मी चिपळूणची, राहते विंटरथूरला आणि पोटापाण्याला हिशेब तपासते. त्यामुळे पहिला आकडा मीच मांडला. १९० वसूल व्हायचे तर वर्षात ३८० फ्रँकांची पूर्ण किमतीची तिकिटं व्हायला हवीत. इथले दर माहीत असलेल्या माणसाला यात काही अवघड वाटणार नाही. लांबचे चार-पाच शनिवार-रविवार झाले की संपलं. पण वसुलीचं हे गणित सगळेच सांगतात आणि ते अपुरं आहे. कार्डाचा खरा फायदा ऐन वेळी बेत बदलण्यात आहे.

कसं ते सांगते. इथे स्वस्तात फिरायचा दुसरा मार्ग म्हणजे श्पारटागेसकार्टे, बचतीचा दिवसभराचा पास. सहा महिने आधी विक्रीला येतो. लवकर घेतला तर हाल्बटाक्सवाल्यांना २९ फ्रँकांपासून आणि बाकीच्यांना ५२ पासून मिळतो. तारीख जवळ येईल तशी किंमत चढत जाते. त्या दिवशी देशभर वाटेल तेवढं हिंडा. भाव उत्तम, पण तिकीट परत होत नाही आणि तारीख बदलत नाही. बर्न-जिनिव्हा असा शहरांचा फेरफटका असेल तर डोळे मिटून घ्यावा. डोंगर आणि जत्रा यांचं तसं नाही. डोंगराला ढगांची मर्जी सांभाळावी लागते आणि गुरं कधी खाली उतरवायची ते गुराखी हवामान बघून ठरवतात. मे महिन्यात घेतलेल्या तिकिटाला सप्टेंबरातला पाऊस माहीत नसतो. तिकीट फुकट जाऊ नये म्हणून लोक पांढऱ्याशुभ्र धुक्यात केबलकारने वर जातात, काचेला नाक लावून उभे राहतात, महागडी कॉफी पितात आणि खाली येतात. हाल्बटाक्स असलं की सकाळी आठ वाजता खिडकीबाहेर बघून ठरवता येतं आणि वाटेत मनही बदलता येतं.

आमचा झेंटिसचा बेत असाच बदलला. झेंटिस हे ईशान्येकडचं २,५०२ मीटरचं शिखर. हवा स्वच्छ असेल तर आमच्या गावाजवळच्या टेकडीवरूनही दिसतं. वरून सहा देश दिसतात म्हणतात. आम्ही गोसाऊला गाडी बदलून आपेनत्सेल भागातल्या लाल छोट्या गाडीत बसलो. हेरिझाऊ गेलं, उर्नेश आलं. तिथून श्वेगाल्पला, म्हणजे केबलकारच्या पायथ्याला, पोस्टबस जाते. स्टेशनात उतरून नवऱ्याने फोनवर शिखराचा वेबकॅम लावला, तर पडदाभर राखाडी रंग. "पुढे जायचंय?" त्याने विचारलं. पुढचं तिकीट काढलेलंच नव्हतं, त्यामुळे वादाला जागा नव्हती. आम्ही गावातच थांबलो.

उर्नेशच्या चौकात रंगीत लाकडी घरं आहेत आणि त्यांतल्या जुन्या घरांत तिथल्या चालीरीतींचं संग्रहालय आहे. बाहेरून बघून मी आत जायला नाखूश होते. लाकडी चमचे आणि भरतकाम अर्धा तास बघण्याची माझी तयारी नव्हती. पण तारांवर काठ्यांनी वाजवायचं हॅकब्रेट होतं, संतूरच्या घराण्यातलं, ते बघत मी रमले. आणि मग त्या टोप्या. टोप्या म्हणायचं एवढंच, खरं तर डोक्यावर पेलायचे देखावे. हाताने कोरलेल्या बोटभर माणसांचे प्रसंग : कुणी लाकूड तोडतंय, कुणी गाय दोहतंय, कुणी पत्ते कुटतंय. सभोवार मणी आणि चमचम. या कशासाठी, तर सिल्वेस्टरक्लाऊसांसाठी. वर्ष संपताना बाहेर पडणारे हे घंटावाले दोनदा येतात, एकदा ३१ डिसेंबरला आणि पुन्हा १३ जानेवारीला.

दोनदा का, ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तारखेची शिवजयंती आणि तिथीची शिवजयंती आपण दोन्ही करतो की. इथे भांडण पोपच्या कॅलेंडरचं होतं. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीने नवं कॅलेंडर आणलं, ते प्रोटेस्टंट आउसरहोडनने मानलं नाही. आउसरहोडन हा आपेनत्सेलचा अर्धा भाग. धर्मावरूनच १५९७ मध्ये मूळ प्रांताची दोन शकलं झाली होती. कॅलेंडरचा हा हट्ट १७९८ पर्यंत टिकला. नवं कॅलेंडर आलं तरी जुनं वर्ष जुन्या दिवशी संपवायची सवय गेली नाही. जुन्या गणनेतला ३१ डिसेंबर आता १३ जानेवारीला पडतो.

२०२५ मध्ये १३ जानेवारी सोमवारी होती. मी रजा टाकली. घंटावाले पहाटे पाचपासूनच अंधारात निघतात, म्हणून जमेल तितक्या लवकरची गाडी धरली. या दिवसांत उजाडायला आठ वाजतात, तेव्हा गावाबाहेरच्या उतारांवर अजून काळोख होता आणि आवाज आधी आला. एका सुरातला नव्हे. गुरांच्या गळ्यातल्या मोठ्या घंटांचा खोल ठोका आणि त्यावर गोल घुंगरांची खळखळ. मग बर्फातून एकामागोमाग चालणारी रांग दिसली.

अशा टोळीला शुप्पेल म्हणतात. सगळे पुरुषच. पुढे आणि मागे एकेक रोली, तो बाईच्या वेषात, अंगावर गोल घुंगरांचे पट्टे आणि डोक्यावर तो देखावा. मधले शेली, पुरुषी वेषात, छातीवर आणि पाठीवर भल्यामोठ्या घंटा. तोंडावर गुळगुळीत रंगवलेले मुखवटे. हे झाले सुंदर क्लाऊस. दुसरे कुरूप : पेंढा, कातडी, हाडं, जनावरांचे दात लावलेले मुखवटे. लहान मुलं आईच्या पायामागे लपतात ती यांना बघून. तिसरे मधले, सूचिपर्णीच्या डहाळ्या, शेवाळ, आयव्ही, गोगलगायींचे शंख अंगभर लावलेले. माझी पसंती या तिसऱ्यांना. सुंदरांच्या टोप्यांवर शेकडो तासांचं काम असतं, मान्य. पण डोंगराचा एक तुकडा उठून चालत यावा असा रुबाब फक्त या शेवाळवाल्यांचा.

टोळी शेतघराच्या अंगणात येते. आधी घंटा हलवतात, अंगाला झटके देऊन, सगळे मिळून. मग घंटा थांबतात, सगळे वर्तुळ करतात आणि त्सॉइर्ली गातात. त्सॉइर्ली म्हणजे शब्द नसलेलं योडेल. जाहिरातींत ऐकू येतं तसलं उड्या मारणारं योडेल नव्हे. एकजण सावकाश सुरुवात करतो, दुसरा वरून धरतो, बाकीचे खाली सूर लावून उभे राहतात. घरातली माणसं दारात उभी राहून ऐकतात आणि तेवढा वेळ कुणीही बोलत नाही. पुन्हा घंटा, पुन्हा गाणं. शेवटी घरधनी एकेकाशी हात मिळवतो, नवीन वर्षाच्या शुभेच्छा होतात, पैसे दिले जातात आणि गरम वाइन. मुखवटा काढायचा नसतो, म्हणून बारीक नळीने पितात. मग पुढचं घर. दिवसभर हेच.

प्रवेशशुल्क नाही, मंच नाही, निवेदक नाही. तुम्ही दुसऱ्याच्या अंगणाच्या कडेला उभे आहात एवढं लक्षात ठेवायचं. मोठाले कॅमेरे घेऊन टोळीच्या आणि घरधन्याच्या मधे घुसणारे काही जण होते. तसं करू नका. टोळ्या कुठे सापडतील याचा नकाशा शोधत बसू नका, कान द्या. सगळ्यात गर्दी चौकात असते आणि सगळ्यात गंमत वरच्या शेतघरांकडे. पायात खिळ्यांचं बूटकव्हर हवंच, शेताकडचे रस्ते बर्फाने निसरडे असतात.

दुपारी खेस-हॉर्नली खाल्लं, चीजमधली मॅकरोनी, वर तळलेला कांदा, सोबत सफरचंदाचा गोड लगदा. शाकाहारींनी आधी 'ओने श्पेक' म्हणावं, कधी कधी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. सफरचंद आणि चीज ही जोडी मला पटलेली नाही. बदामाचं सारण भरलेली मसालेदार बीबरली मात्र दोन पाकिटं घरी आणली. खाण्याचा खर्च मोठा असतो हे धरून चाला. एरवी आम्ही थालीपिठं आणि लसणाची चटणी बांधून नेतो. गाडीत डबा उघडला तर कुणी वळूनही बघत नाही.

आई आली ती सप्टेंबरात, तीन महिन्यांच्या व्हिसावर. तिला बर्फाचं अप्रूप नव्हतं. गुरं बघायची होती. उन्हाळाभर वरच्या कुरणांत राहिलेली गुरं या दिवसांत खाली येतात. वरच्या कुरणांवरचा हा हंगाम २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. आपेनत्सेलची मिरवणूक ठरलेल्या क्रमाने चालते : सगळ्यांत पुढे पांढऱ्या शेळ्या आणि त्यांना हाकणारी पारंपरिक वेषातली मुलं, मग पिवळ्या विजारीतला गुराखी, मग मोठ्या घंटा बांधलेल्या तीन गाई. त्या तीन घंटांचे सूर एकमेकांशी जुळवलेले असतात. त्यामागे बाकीचा कळप, मालक आणि ब्लेस जातीचा कुत्रा, जो कुणाचंही ऐकत नाही पण गाईंना बरोबर ओळीत ठेवतो. शेवटी चीज करायची लाकडी भांडी लादलेली गाडी. इतर खोऱ्यांत गाईंच्या डोक्यावर फुलांचे मुकुट असतात, इथे नसतात. आईला ते खटकलं.

"अगं, फुलं का नाहीत? एवढं सजवून आणायचं आणि डोकं मोकळं?"

"आई, इथली रीतच तशी. घंटा हाच दागिना."

"वजन बघ तिचं. बिचारीची मान दुखत असेल," एवढं म्हणून तिने फोन काढला आणि शेळ्यांचा व्हिडिओ बाबांना धाडला.

तो दिवस आम्ही आदल्या संध्याकाळी ठरवला होता. हवा कोरडी राहील असं दिसलं आणि निघालो. हेच मी वर म्हणत होते.

आता कार्डाच्या उण्या बाजू. नाव 'निम्मं' असलं तरी शहरातल्या दोन-तीन थांब्यांच्या तिकिटावर सूट निम्म्यापेक्षा कमी बसते. केबलकारचा नियम जागोजागी वेगळा : झेंटिसला निम्मं, काही ठिकाणी थोडी सूट, काही खासगी पाळण्यांत काहीच नाही. निघण्याआधी त्या त्या केबलकारच्या संकेतस्थळावर बघावं. आणि ऐन नोव्हेंबर किंवा एप्रिलात बऱ्याच केबलकार देखभालीसाठी बंद असतात, तेव्हा कार्ड असून उपयोग नाही. कार्ड आपोआप पुढच्या वर्षासाठी चालू राहतं. भारतात परतणार असाल तर आधी रद्द करायला विसरू नका, नाहीतर बिल पाठलाग करत येतं. रोजच्या ऑफिसच्या प्रवासाला याच्यावर भिस्त ठेवू नका, तिथे मार्गाचा पासच परवडतो. देशभर फिरवणारा मोठा पास, गेआ, दुसऱ्या वर्गाचा ३,९९५ फ्रँकांना होता. तेवढं फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, पण ती एकतर पेन्शनर असतात किंवा झुरिक-बर्न रोज करणारी.

मुलं सहा वर्षांखालची असतील तर तिकीटच नाही. सहा ते सोळामधल्या मुलाला वर्षाचं ३० फ्रँकांचं कार्ड काढा, आईवडिलांपैकी कुणी सोबत असलं की ते फुकट फिरतं. कुटुंबवाल्यांसाठी या देशातला याहून चांगला सौदा मला माहीत नाही. येणाऱ्या आईवडिलांसाठी पर्यटकांचं एक महिन्याचं निम्म्या तिकिटाचं कार्ड असतं. तीन महिने राहणार असतील तर एका महिन्यात फिरणं उरकून घ्यायचं की वर्षाचंच काढायचं हे त्यांच्या गुडघ्यांकडे बघून ठरवा. आमच्या आईसाठी आम्ही वर्षाचं काढलं, कारण तिला आठवड्यातून एकदाच बाहेर पडायचं असतं आणि तेही ऊन असेल तर.

उर्नेशला जाणाऱ्यांसाठी शेवटचं : ३१ डिसेंबर किंवा १३ जानेवारी रविवारी आली तर घंटावाले आदल्या शनिवारीच निघतात. २०२८ चा ३१ डिसेंबर रविवारी आहे, म्हणजे त्या वर्षी ३० तारखेला पोहोचा. निवड करायची झाली तर १३ जानेवारीच घ्या. ३१ डिसेंबरला बऱ्याच जणांना सुट्टी असते, जानेवारीतल्या कामाच्या दिवशी गाडीत बसायला जागा मिळते.